आवाजाला बाई-पुरुष कशाला?

हेवी मेटल म्हणजे कानठळ्या बसवणारा गोंगाट, असं तुमच्यापैकी अनेकांचं मत असेल. त्यावर मी आज वाद घालणार नाही. मला बोलायचंय ते या संगीतातल्या बायकांविषयी.

मेटलच्या कार्यक्रमाला मुलगी आली, की ती कुणाची तरी मैत्रीण असणार, असं गृहीत धरतात. मंचावर दिसलीच, तर गोड गळ्याची गायिका असेल. गिटार उत्तम वाजवली, तर शाबासकीही कशी? 'मुलगी असून छान वाजवते!' वास्तविक 'गर्लस्कूल' हा चौघी मुलींचा बँड लंडनमध्ये १९७८ सालीच सुरू झाला. १९८१मध्ये 'मोटरहेड'बरोबरची त्यांची तबकडी ब्रिटनच्या यादीत पाचवी आली. तरी शाबासकीतलं ते 'असून' काही गेलं नाही.

२००० साली जर्मनीची अँजेला गोसो स्वीडनच्या 'आर्च एनिमी'त पुरुष गायकाच्या जागी आली. घशातून गुरगुरत गाणं ही तिची शैली. नुसतं ध्वनिमुद्रण ऐकून तिला पुरुष समजणारे पुष्कळ होते. खरं तर या गुरगुरीत स्वरयंत्राच्या वरच्या मांसल घड्यांचं कंपन आणि श्वासावरचा ताबा महत्त्वाचा. या घड्या बाईलाही असतात, पुरुषालाही. गळा न दुखावता किंचाळायचं कसं, हे शिकवणाऱ्या नामवंत गुरू मेलिसा क्रॉस याही बाईच. अँजेला त्यांच्याकडे शिकली, तसेच कितीतरी पुरुष गायकही.

आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. गंगूबाई हनगलांचा भारदस्त, पुरुषी वाटणारा स्वर आपण ऐकलाय. त्या स्वरापुढे 'बाईचा गळा नाजूकच हवा' हा हट्ट टिकला नाही.

इंडोनेशियातल्या गारूत गावच्या तीन मुलींनी २०१४मध्ये शाळेत असतानाच 'व्हॉइस ऑफ बाचेप्रोत' हा बँड काढला. बाचेप्रोत म्हणजे त्यांच्या सुंदानी भाषेत गोंगाट. डोक्याला हिजाब आणि हातात गिटार, म्हणून धर्माभिमान्यांचा रोष ओढवला. परदेशात कुतूहल वाट्याला आलं, तेही पुष्कळदा हिजाबाचंच. त्या वाजवत राहिल्या. २०२४मध्ये इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात वाजवणारा तो पहिला इंडोनेशियन बँड ठरला.

मेटल आवडावं, असा माझा आग्रह नाही. नाही आवडलं, तर खुशाल रेडिओ बंद करा. पण वाजवतंय कोण, हे कळल्यावर मत बदलत असेल, तर आपण संगीत ऐकतच नव्हतो, असं म्हणायला हवं.