खाटेवरचं लेकरू कोणत्या गावचं?



मी शिकलो शेतीचं शास्त्र, डॉक्टरकी नाही. तरी आज बोलतो आहे ते दवाखान्यात भरती होणाऱ्या लेकरांबद्दल. वावरातला एखादा पट्टा चोपण असला की तिथली पऱ्हाटी दरसाल पिवळी पडते. दोन-तीन वर्षं आपण बियाण्याला शिव्या देतो, मग केव्हातरी माती तपासतो. लेकरांच्या बाबतीत आपण अजून शिव्यांवरच आहोत. लेकरू आजारी पडलं की माय अडाणी.

दवाखान्याच्या रजिस्टरात लेकराच्या नावापुढे गाव लिहिलेलं असतं. आपल्यापुढे बेरीज येते ती रोगाची : जुलाब इतके, न्यूमोनिया इतके. तीच बेरीज गाववार करून पाहिली पाहिजे.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा घ्या. दर्यापूर, भातकुली, अकोट, मूर्तिजापूर. पाणी आहे, पण तोंडात धरवत नाही. वान धरणातून 84 खेडी योजना आली, चांगलं झालं. पण जिथे नळ रोज येत नाही तिथे पाणी साठवावं लागतं, साठवणीत हात बुडतो, आणि पावसाळ्यात जुलाब लागतात. भिंतीवरची पाटी सांगते : लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पाटी खरी आहे, पण गोड्या पाण्याच्या गावासाठी. खाऱ्या बोअरच्या पाण्यात तेवढंच मीठ घातलं तर ते जास्त होतं, आणि जुलाबानं सुकलेल्या लेकराला घातक ठरतं. ओआरएसचं पाकीटही गोड्या पाण्यातच कालवायचं. मायनं पाटीप्रमाणे केलं, तर चूक तिची कशी?

मेळघाटची गोष्ट उलटी आहे. यादीत ज्या गावचं एकही लेकरू नाही, ते गाव निरोगी समजू नका. धारणीहून अमरावती दीडशेच्या आसपास किलोमीटर, मधे घाट. मजुरी बुडवून, बाकीची लेकरं कोणाच्या भरवशावर टाकून ती बाई येणार? 1993 साली तिथले बालमृत्यू महाराष्ट्रभर गाजले, तेव्हाही प्रश्न हाच होता. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांवर घरी उपचार केले. हजारी 62 मृत्यू होते, ते तीन वर्षांत 25 वर आले. 1999 साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आणि मेळघाटात बैरागडचे डॉक्टर रवींद्र कोल्हे औषध देता देता शेतीकडे वळले. शेतीवाल्याला त्यात नवल वाटत नाही.

आता काम. प्रत्येक तालुक्यानं माहितीच्या अधिकारात, 10 रुपयांचा अर्ज करून, गेल्या पावसाळ्यात भरती झालेल्या पाच वर्षांखालच्या लेकरांची यादी मागावी. नावं नकोत, ती घरची गोष्ट. गाव, महिना, आजार एवढंच, शहरात वॉर्ड. शेजारी दोन रकाने आपण भरायचे : नळ किती दिवसांआड येतो, आणि पावसात रस्ता किती दिवस बंद असतो. अर्जाचा नमुना माझ्याकडे आहे, चहाच्या वेळी घेऊन जा.