जमातींना काय म्हणावे : रामनगर आणि विंध्यातील उदाहरणे

गंगेच्या पूर्व काठावरचे रामनगर वाराणसी जिल्ह्यात मोडते. तिथून थोड्याच अंतरावर, मुघलसरायच्या बाजूला, चंदौली जिल्हा सुरू होतो. एका गोंड कुटुंबातील थोरला भाऊ रामनगरला आणि धाकटा चंदौलीत राहत असता, तर २००३ पासून जवळजवळ वीस वर्षे थोरला अनुसूचित जमातीचा आणि धाकटा अनुसूचित जातीचा ठरला असता. आडनाव, कुलदैवत आणि सोयरीक तीच, पण सरकारदरबारी दोघांचा वर्ग निराळा.

उत्तर प्रदेशच्या अनुसूचित जमातींच्या यादीत १९६७ साली पाचच नावे होती: भोटिया, बुक्सा, जौनसारी, राजी आणि थारू. ही सर्व हिमालयाच्या पायथ्याची किंवा डोंगराळ भागातली. विंध्य आणि कैमूरच्या रांगांतले गोंड, खरवार, चेरो, बैगा, अगरिया हे समाज त्या यादीत नव्हते. यांतल्या अनेकांची गणना अनुसूचित जातींत होत असे. शेजारच्या मध्य प्रदेशात गोंड ही सर्वांत मोठ्या जमातींपैकी एक, आणि राज्याची सीमा ओलांडली की तीच अनुसूचित जात. २००२ च्या दुरुस्ती कायद्याने ही विसंगती काही प्रमाणात दूर केली, पण जिल्ह्यांची नावे देऊन. गोंड आणि त्यांच्या धुरिया, नायक, ओझा, पठारी, राजगोंड या पोटशाखांना तेरा जिल्ह्यांत जमातीचा दर्जा मिळाला, त्यांत वाराणसी, मिर्झापूर आणि सोनभद्र होते. चेरोंना तो दोनच जिल्ह्यांत मिळाला, सोनभद्र आणि वाराणसी.

चंदौली जिल्हा मात्र १९९७ मध्येच वाराणसीतून वेगळा झाला होता आणि यादीत त्याचे नाव नव्हते. या भागातले जंगल आणि जंगलातली माणसे नेमकी चंदौलीच्या चकिया-नौगढ पट्ट्यात आहेत. चकिया हा पूर्वी काशीनरेशांच्या संस्थानाचा मुलूख. रामनगरच्या किल्ल्यातून त्याचा कारभार चाले, आणि ‘चंद्रकांता’ ही कादंबरी लिहिणाऱ्या देवकीनंदन खत्रींनी याच चकिया-नौगढच्या जंगलांचा ठेका घेतला होता. म्हणजे वाराणसीच्या नावाने यादीत आला तो शेतीचा सपाट मुलूख, आणि ज्यांच्यासाठी यादी करायची ते डोंगरातले लोक बाहेर राहिले. चंदौली, भदोही, कुशीनगर आणि संत कबीरनगर या चार जिल्ह्यांतल्या गोंडांना अनुसूचित जातींतून काढून जमातींत घालणारे विधेयक संसदेने २०२२ मध्ये मंजूर केले. कोल समाजाचे कोडे अजून सुटलेले नाही. मध्य प्रदेशात ती जमात आहे, उत्तर प्रदेशात जात.

गोंड या नावाखालीही सगळे एकसारखे नाहीत. भोजपुरी पट्ट्यात गोंड म्हणवणारी काही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या भट्टीवर दाणे भाजून विकण्याचा धंदा करीत आली, आणि त्यांची सीमा कहार समाजाशी मिळते. मिर्झापूरला कलेक्टर असलेल्या विल्यम क्रुकने १८९६ मध्ये या प्रांतांतल्या जातीजमातींचा चार खंडांचा कोश काढला, तेव्हापासून कोणाला कोणत्या खान्यात टाकायचे हा प्रश्न प्रशासनाच्या मागे लागला आहे. सोनभद्रच्या डोंगरातला गोंड आणि बलियाच्या बाजारातला गोंड एकच का, या प्रश्नावर दाखल्यांची प्रकरणे आजही अडतात.

याच परिसरात मुसहर राहतात. महुआच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण लावणे हे त्यांचे जुने काम. मुसहर हे नाव इतरांनी ठेवलेले, उंदीर खाण्यावरून हिणवणारे. म्हणून वाराणसी, चंदौली आणि जौनपूर भागात अनेक मुसहर कुटुंबे आपले आडनाव ‘वनवासी’ लावतात. सरकारी यादीत मुसहर अनुसूचित जातीत आहेत. जंगलवाचक आडनाव त्यांनी स्वतः पत्करले, आणि जमातीचा दर्जा मात्र त्यांच्याकडे नाही.

मराठी वाचकाला हे चमत्कारिक वाटेल, कारण महाराष्ट्रात ‘वनवासी’ या शब्दावरून दोन तट पडलेले आहेत. १९५२ साली जशपूरला वनवासी कल्याण आश्रम स्थापन झाला. त्याचे संस्थापक रमाकांत केशव देशपांडे हे मराठी गृहस्थ होते. डोंगरदऱ्यांतले लोक व्यापक हिंदू समाजाचेच वनात राहणारे भाग आहेत, हा त्या शब्दामागचा विचार. ‘आदिवासी’ म्हणवणाऱ्यांचा त्याला आक्षेप असा की वनवासी म्हटले की फक्त राहण्याची जागा उरते, आणि या भूमीवर आम्ही आधी आलो हा दावा पुसला जातो. शिवाय ज्यांची जंगले धरणांखाली आणि खाणींखाली गेली, त्यांना वनवासी म्हणायचे तरी कसे?

‘आदिवासी’ शब्दाला राजकीय धार आली ती छोटा नागपूरमध्ये. १९३८ साली रांचीत आदिवासी महासभा उभी राहिली, तिचे पुढारी जयपाल सिंह संविधान सभेतही याच शब्दाचा आग्रह धरीत राहिले. डॉ. आंबेडकरांची भूमिका वेगळी होती. आदिवासी हा सर्वसाधारण शब्द आहे, त्याला कायद्याचा निश्चित अर्थ नाही, आणि हक्क द्यायचे तर कोणाला द्यायचे हे यादीने ठरले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. हा मुद्दा वकिली असला तरी कमी लेखण्यासारखा नाही. अनुच्छेद ३४२ नुसार राष्ट्रपती यादी जाहीर करतात आणि नंतर तिच्यात भर किंवा वजावट फक्त संसद करू शकते. त्यामुळे संविधानात ‘अनुसूचित जमाती’ आहे, आदिवासी नाही.

विद्यापीठांत हा वाद त्याआधीच रंगला होता. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे गो. स. घुर्ये यांनी १९४३ च्या पुस्तकात या लोकांना मूळचे रहिवासी म्हणण्यालाच हरकत घेतली आणि ते मागासलेले हिंदू आहेत असे मांडले. पुढच्या आवृत्त्यांत पुस्तकाचे शीर्षकच बदलून ‘अनुसूचित जमाती’ झाले. संविधानाने लेखकालाही आपली संज्ञा घ्यायला लावली. घुर्यांचा सिद्धान्त सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारला नाही. महाराष्ट्रातल्या एका भिल्ल स्त्रीवरील अत्याचाराच्या खटल्यात २०११ मध्ये न्यायालयाने म्हटले, की आदिवासी हे बहुधा या देशाच्या मूळ रहिवाशांचे वंशज आहेत. केंद्राच्या खात्याचे हिंदी नाव ‘जनजातीय कार्य मंत्रालय’, महाराष्ट्राच्या खात्याचे ‘आदिवासी विकास विभाग’. एकाच विषयाची ही दोन खाती दोन नावांनी चालली आहेत आणि कोणाचे काही अडलेले नाही.

अडते ते विशिष्ट जमातीच्या नावात, आणि तिथे अक्षराला जिवाची किंमत पडते. महाराष्ट्राच्या यादीत गोंड या नोंदीखाली ‘गोंड गोवारी’ असे नाव आहे. विदर्भातल्या गोवारी समाजाचे म्हणणे असे की हे आम्हीच. या मागणीसाठी २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर मोर्चा आला आणि चेंगराचेंगरीत ११४ गोवारी मेले. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने कौल दिला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. यादी जशी लिहिली आहे तशीच वाचायची, तिच्या नावाचा अर्थ न्यायालयाने पसरवायचा नाही, हे तत्त्व हलबा-कोष्टी प्रकरणात २००० सालीच घटनापीठाने घालून दिले होते.

धनगरांचा प्रश्न याच जातकुळीचा, आणि तो थेट सोनभद्रपर्यंत पोहोचतो. महाराष्ट्राच्या जमातींच्या यादीत ‘ओरांव, धांगड’ अशी नोंद आहे. धनगर समाज म्हणतो की ‘धांगड’ हे ‘धनगर’चेच चुकलेले लेखन आहे. उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये हे मान्य केले नाही. उत्तर प्रदेशात ‘धनगर’सारखेच नाव अनुसूचित जातींच्या यादीत आहे आणि तिथे मेंढपाळ गडरिया समाज त्यावर हक्क सांगतो. सोनभद्र-मिर्झापूरकडे मात्र धांगर म्हणजे ओरांवांशी नाते सांगणारे लोक. ओरांव स्वतःला ‘कुडुख’ म्हणतात, हे नाव या दोन्ही नोंदींत कुठेच नाही. गोंडही आपल्या भाषेत ‘कोइतूर’ असतात. म्हणजे ज्या नावांवर न्यायालयांत पानेच्या पाने लिहिली गेली, ती बहुतेक शेजाऱ्यांनी ठेवलेली.

जगातही असेच घडले आहे. ध्रुव प्रदेशातल्या अनेकांनी ‘एस्किमो’ टाकून ‘इनुइट’ स्वीकारले, उत्तर युरोपात ‘लॅप’ जाऊन ‘सामी’ आले. तिथे स्वतःचे नाव लागू करणे तुलनेने सोपे गेले, कारण बाहेरून आलेले कोण आणि आधीचे कोण हे तिथे बरेच स्पष्ट होते. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मूळ रहिवाशांच्या हक्कांच्या जाहीरनाम्याला पाठिंब्याचे मत दिले, पण सगळेच भारतीय मूळ रहिवासी आहेत अशी पुस्ती जोडून. या भूमिकेचा सोयीस्कर भाग असा की सगळेच मूळ रहिवासी ठरले की कोणालाच वेगळे काही द्यावे लागत नाही.

रामनगरची रामलीला महिनाभर चालते. तिच्यात निषादराज येतो, कोल-किरात येतात. कोल हे नाव असे तुलसीदासांपासून उच्चारले जाते, आणि त्याच नावाचा माणूस मिर्झापूरच्या तहसीलमध्ये कोणत्या दर्जाचा दाखला मिळेल याची चौकशी करीत असतो. आजचे मल्लाह आणि केवट निषाद हे नाव अभिमानाने घेतात आणि त्याच नावाने अनुसूचित जातीचा दर्जाही मागतात.

लिहिणाऱ्याने आणि बोलणाऱ्याने यातून निवड करायची तर क्रम साधा आहे. एखाद्या समाजाचे स्वतःचे नाव माहीत असेल तर तेच वापरावे: कोइतूर, कुडुख, माडिया, वारली. अनेक समाजांना एकत्र म्हणायचे असेल तर महाराष्ट्रात आदिवासी हा शब्द योग्य, कारण त्या समाजांच्या संघटनांनी आणि लेखकांनी तो पत्करला आहे. मुसहर कुटुंब स्वतःला वनवासी म्हणवत असेल तर तिथे वनवासीच म्हणावे, आणि तो शब्द गडचिरोलीत लादू नये. अनुसूचित जमाती हा शब्द फक्त कायद्याविषयी बोलताना. यादीची दुरुस्ती हे मात्र भाषेचे काम नव्हे. ती संसदेने करायची, आणि चंदौलीच्या गोंडांसाठी तिला ती करायला जवळजवळ दोन दशके लागली.