आधी हिशेब, मग आवाहन



माजी विद्यार्थी संघांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद देऊन आपण माझ्यावर जो विश्वास दाखवलात, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. आपल्यापैकी काहीजण विद्यापीठाच्या बातम्या लिहितात आणि काहीजण विद्यापीठासाठी पैसे गोळा करतात. बहुतेक ठिकाणी या दोन कामांची टेबले वेगळी असतात आणि एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलावर जात नाही. ही दोन कामे मुळात एकच आहेत, असे मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे. विद्यापीठाने समाजापुढे हात पसरण्याआधी समाजाला हिशेब दिला पाहिजे. विद्यापीठाचे वार्तापत्र ही तो हिशेब देण्याची जागा आहे. ती जागा आपण सत्कारांना आणि उद्घाटनांना देऊन टाकली, म्हणून आपले आवाहन लोकांच्या मनापर्यंत पोचत नाही.

महाराष्ट्रात उच्च शिक्षण उभे राहिले तेच लोकांच्या पैशावर. मुंबई विद्यापीठ १८५७ साली कायद्याने स्थापन झाले, पण त्याला स्वतःची वास्तू मिळाली ती दात्यांमुळे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून दीक्षान्त सभागृह उभे राहिले. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. त्यांच्या आईच्या नावाने तो मनोरा राजाबाई टॉवर म्हणून ओळखला जातो. पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला आणि खुद्द प्रेमचंदांचे फार मोठे नुकसान झाले, तरी १८७८ साली मनोरा पुरा झाला. या इमारतीच्या कथेचा पुढचा भाग आपण क्वचितच सांगतो. दगडाची झीज होते, छत गळते, रंगीत काचा तडकतात. दीडशे वर्षांनी या वास्तूच्या जतनासाठी पुन्हा देणगीच लागली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या साहाय्याने ते काम झाले आणि २०१८ साली युनेस्कोने त्याची दखल घेतली. कोनशिलेवर नाव कोरण्यासाठी दाते पुढे येतात, पण गळक्या छतासाठी येत नाहीत, अशी तक्रार आपण नेहमी करतो. छत गळते हे आपण त्यांना कधी छापून कळवले होते का, हा प्रश्नही आपण स्वतःला विचारायला हवा.

महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे काम याहून जास्त शिकवणारे आहे. ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत. कोकणातल्या आपल्या गावासाठी त्यांनी मुरूड फंड सुरू केला होता. गावाबाहेर मिळवत्या झालेल्या माणसांनी आपल्या मिळकतीचा थोडा भाग गावासाठी बाजूला ठेवावा, अशी त्यामागची कल्पना होती. १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची संस्था त्यांनी स्थापन केली, आणि पुढे हिंगण्याच्या माळावर तिचे काम वाढले ते अशाच लहान वर्गण्यांवर. मग त्यांच्या हाती एक माहितीपुस्तिका आली. टोकियोतल्या, १९०१ साली स्थापन झालेल्या महिला विद्यापीठाची ती माहिती होती आणि टपालाने त्यांच्याकडे आली होती. आधी त्यांनी ती बाजूला ठेवली. १९१५ साली मुंबईत भरणाऱ्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा भाषणाची तयारी करताना त्यांना ती आठवली, आणि त्या अध्यक्षीय भाषणातच त्यांनी भारतातल्या महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ साली ते विद्यापीठ सुरूही झाले. एका परक्या देशातल्या विद्यापीठाने आपल्या कामाची माहिती नीट छापून ठेवली होती, म्हणून ती हजारो मैलांवरच्या एका गणिताच्या प्राध्यापकाच्या उपयोगी पडली. आपल्या वार्तापत्राचा वाचक कोण असेल आणि त्यातून कुठे काय उगवेल, हे आपल्याला आधी कळत नाही. म्हणून ते खरे आणि नेमके लिहावे लागते.

कर्व्यांच्या या महिला विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी मिळाली ती १९२० साली. त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. पंधरा लाखांवर साडेतीन टक्के व्याज धरले तर वर्षाला बावन्न हजार पाचशे रुपये होतात. त्या काळी ही रक्कम एखादी संस्था चालवायला पुरेशी होती. या देणगीची गोष्ट सांगताना आपण आकड्यापाशी थांबतो. मला तारखा महत्त्वाच्या वाटतात. १८९६ ते १९२० ही चोवीस वर्षे कर्व्यांनी लहान दात्यांच्या आधारावर संस्था चालवली होती. मोठा दाता आला तेव्हा त्याच्यापुढे या चोवीस वर्षांचे काम उघड्यावर मांडलेले होते. देणगी मिळाल्यावरही कर्वे स्वस्थ बसले नाहीत. १९२९ साली, सत्तरी गाठल्यावर, ते युरोप, अमेरिका आणि जपानच्या दौऱ्यावर निघाले, पुढे आफ्रिकेतही गेले, आणि जिथे गेले तिथे आपल्या संस्थेचे काम सांगून निधी गोळा करत राहिले. ते आधी काम सांगत, मग मागत.

साताऱ्याकडे पाहिले तर हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू केली, तेव्हा त्यांच्या दात्यांकडे रोख पैसा फारसा नव्हता. त्यांनी धान्य दिले, जागा दिली, श्रम दिले. वसतिगृह चालवताना पैशाची नड आली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. ज्या शेतकऱ्याने पायलीभर ज्वारी दिली, त्याला आपली ज्वारी कोणाच्या ताटात पडली हे वसतिगृहाच्या पंगतीत डोळ्यांनी दिसत होते. त्यासाठी छापील अहवालाची गरज नव्हती. आज आपली विद्यापीठे गावाच्या नजरेबाहेर गेली आहेत. माजी विद्यार्थी पुण्यात, बंगळुरूत, दुबईत आणि न्यू जर्सीत राहतो. त्याच्यासाठी ती पंगत आता वार्तापत्राच्या पानावर मांडावी लागेल.

मग आज त्या पानांवर काय असते? पहिल्या पानावर मान्यवरांच्या हस्ते उद्घाटन, दुसऱ्यावर शाल आणि श्रीफळ, तिसऱ्यावर सामंजस्य करारावर सह्या, आणि शेवटच्या पानावर दात्यासोबत धनादेशाचे छायाचित्र. तो धनादेश पुढच्या अंकात कुठेच दिसत नाही. एक उदाहरण जवळून पाहू. १९७० च्या सुमारास एखाद्या निवृत्त शिक्षकाने पत्नीच्या स्मरणार्थ पाच हजार रुपयांचा कायम निधी ठेवला आणि मराठीत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थिनीला सुवर्णपदक द्यावे असे लिहून दिले, असे समजा. सहा टक्क्यांनी वर्षाचे व्याज तीनशे रुपये. तेव्हा दहा ग्रॅम सोने दोनशे रुपयांच्या आत मिळत असे, म्हणून त्या व्याजात खरेखुरे सुवर्णपदक होई. आज त्या तीनशे रुपयांत चांदीचा मुलामाही जेमतेम बसेल. असे निधी प्रत्येक जुन्या विद्यापीठाच्या खतावणीत आहेत. त्या दात्याच्या नातवंडांना एक पत्र लिहून ‘आजोबांच्या निधीचे व्याज आता पदकाला पुरत नाही, मुद्दल वाढवायला मदत कराल का’ असे विचारले, तर कितीतरी घरे आनंदाने हो म्हणतील. पण त्यासाठी निधीचे मुद्दल किती, व्याज किती, यंदा कोणत्या कामावर खर्च झाले आणि किती शिल्लक राहिले, हे दरवर्षी छापण्याची सवय लागते. पावतीपुस्तकातला कार्बन कागदाखालचा उतारा लेखापरीक्षकासाठी असतो. दात्याला त्यापुढची ओळ वाचायची असते.

या म्हणण्यावर काही आक्षेप येतील, आणि ते विचार करण्यासारखे आहेत. पहिला आक्षेप तत्त्वाचा आहे. उच्च शिक्षण ही शासनाची जबाबदारी आहे, आणि आपण देणग्या मागत राहिलो तर शासनाला अंग काढून घ्यायला निमित्त मिळेल. ही भीती खरी आहे. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के हिस्सा शिक्षणावर खर्च व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला. अर्धशतकाहून अधिक काळ तो आकडा कागदावरच आहे. म्हणून मी स्पष्ट सांगतो, प्राध्यापकांची रिक्त पदे भरणे आणि त्यांचा पगार देणे हे शासनाचेच काम आहे, आणि त्यासाठी देणगीची पेटी फिरवू नये. दात्याचा पैसा वसतिगृहातल्या गरजू मुलाच्या जेवणासाठी, ग्रंथालयातल्या पुस्तकांसाठी, संशोधनासाठी लागणाऱ्या प्रवासासाठी आणि जुन्या इमारतींच्या डागडुजीसाठी असावा. ही विभागणी वार्तापत्रात छापली, तर शासनाने किती दिले आणि किती राहिले हेही लोकांना कळेल. ज्या माजी विद्यार्थ्याने स्वतःच्या खिशातले पाचशे रुपये घातले आहेत, तो रिक्त पदांबद्दल आमदारांना जाब विचारायलाही पुढे होतो. १९४८ साली रयतचे सरकारी अनुदान बंद पडले, तेव्हा ती संस्था टिकली कारण तिच्या मागे माणसे उभी होती.

दुसरा आक्षेप असा की, दाता अटी घालतो आणि पैशाबरोबर हुकूमही चालवू पाहतो. अट मुळातच वाईट असते असे नाही. मुंबईतल्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्यांनी, तिथले अध्यापक भारतीयच असावेत अशी अट घातली होती. परकीय राज्यात ती अट राष्ट्राच्या स्वाभिमानाची होती, आणि १९२६ पासून ते महाविद्यालय त्या पायावर उभे राहिले. उलट, साताऱ्याच्या महाविद्यालयाला दिलेले छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव बदलण्याच्या बोलीवर देऊ केलेला पैसा कर्मवीरांनी नाकारला, ही गोष्ट त्या भागात आजही अभिमानाने सांगितली जाते. कोणती अट घ्यायची आणि कोणती नाकारायची, याची कसोटी सोपी आहे. जी अट वार्तापत्राच्या पहिल्या पानावर छापता येते, ती घ्यावी. जी छापायला संकोच वाटतो, ती देणगीसह परत करावी.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. २०२३ साली नंदन निलेकणी यांनी मुंबईच्या आयआयटीला ३१५ कोटी रुपये दिले. तिथे प्रवेश घेतल्याला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने दिलेली ही देणगी होती. पण आमचे माजी विद्यार्थी शिक्षक, तलाठी, पोलीस, परिचारिका आणि लहान दुकानदार आहेत. ते काय देणार, असे ग्रामीण महाविद्यालयांतले सहकारी विचारतात. त्यांना माझे उत्तर हिशेबाचेच आहे. दहा हजार माजी विद्यार्थ्यांनी वर्षाला पाचशे रुपये दिले तर पन्नास लाख होतात. ही रक्कम ३१५ कोटींपुढे लहान दिसेल, पण एका तालुक्याच्या महाविद्यालयात तिच्यातून पाचशे मुलांना वर्षाला दहा हजारांची मदत होते. कितीतरी मुलींचे शिक्षण एवढ्याशाच रकमेसाठी बारावीनंतर थांबते. मात्र दहा हजार माणसे एकदा भावनेच्या भरात पैसे देतील. दरवर्षी देतील ती विश्वासानेच. आणि त्यांच्याशी बोलायचे तर त्यांच्या भाषेत बोलले पाहिजे. विद्यापीठाचे वार्तापत्र केवळ इंग्रजीत निघते, तेव्हा देणाऱ्यांपैकी बरीच माणसे दाराबाहेर राहतात.

शेवटचा आक्षेप आपल्या मनात सर्वांत खोल बसलेला आहे. अपयश छापले तर दाते दुरावतील, मूल्यांकनात गुण कमी पडतील, प्रवेश घटतील. २०१७ साली संगणकावरील उत्तरपत्रिका तपासणीच्या गोंधळात मुंबई विद्यापीठाचे निकाल लांबत गेले, तेव्हा ती बातमी घरोघरी पोचलीच होती. वाईट बातमी लपत नाही. ती आपण सांगायची की इतरांनी, एवढेच आपल्या हाती उरते. ‘यंदा शिष्यवृत्तीसाठी चाळीस मुलांनी अर्ज केले, निधी बावीस जणांनाच पुरला’ ही ओळ अपयशाची आहे, आणि कोणत्याही चकचकीत माहितीपत्रकापेक्षा जास्त परिणामकारक आवाहनही आहे. वाचणाऱ्याला उरलेली अठरा मुले दिसतात, आणि आपण त्यांतल्या एकासाठी काय करू शकतो याचा तो विचार करू लागतो.

मित्रहो, या अधिवेशनात ठराव होतील, त्यांचे मी स्वागत करतो. माझी आपल्याला एकच विनंती आहे. परत गेल्यावर निघणाऱ्या पहिल्याच अंकात एक पान राखून ठेवा. त्यावर आपल्या प्रत्येक निधीचे नाव, मुद्दल, व्याज, झालेला खर्च आणि न भागलेली गरज मराठीत छापा. त्या पानावर कोणाचेही छायाचित्र नको. ज्यांनी शंभर रुपये दिले त्यांचे नाव लाख देणाऱ्यांच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात असू द्या. हे पान सलग पाच वर्षे न चुकता काढा, आणि त्यानंतर लोकांपुढे हात पसरा.