जुन्या संगणकीय लेखनासाठी संचालन प्रणालीची निवड

दप्तरातील जुना कागद वाचावयाचा असेल, तर डोळे आणि उजेड यांवर भागते. कागद मोडीत असला, तर जाणकार शोधावा लागतो; परंतु कागद उलगडण्यासाठी यंत्राची गरज पडत नाही. संगणकावर लिहिलेल्या मजकुराचे तसे नाही. तो फ्लॉपीवर किंवा तबकडीवर अंकांच्या रूपाने साठविलेला असतो. त्या अंकांची अक्षरे करणारी आज्ञावली लागते आणि ती आज्ञावली चालविणारी संचालन प्रणाली, म्हणजे व्यवहारातील 'ऑपरेटिंग सिस्टिम', लागते. या साखळीतील एक दुवा निखळला, की मजकूर हाताशी असूनही नसल्यासारखा होतो. १९८० ते २००० या काळात कार्यालयांतून, छापखान्यांतून आणि लेखकांच्या घरांतून जे लेखन संगणकावर झाले, त्याच्यापुढे आज हा प्रश्न उभा आहे.

'वर्डस्टार' ही शब्दसंस्करणाची आज्ञावली १९७८ मध्ये आली. आरंभी ती 'सीपी/एम' या प्रणालीवर चालत असे. १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला आणि त्याबरोबर 'डॉस' प्रणालीचा प्रसार झाला, तेव्हा वर्डस्टारही डॉसवर आली. १९८९ मध्ये आलेल्या 'वर्डपरफेक्ट ५.१'ने कार्यालयांत मोठे स्थान मिळविले. माऊसची अपेक्षा न ठेवता सर्व आज्ञा कळफलकावरूनच देण्याची सोय हा या आज्ञावल्यांचा गुण होता. हात न उचलता लिहिण्याची ज्यांना सवय झाली, त्यांच्यापैकी काहींना तो आजही सोडवत नाही. अमेरिकन कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी आपण वर्डस्टार ४.० वर लिहितो असे जाहीरपणे सांगितले आहे. कॅनडातील विज्ञानकथाकार रॉबर्ट जे. सॉयर यांनी २०२४ मध्ये वर्डस्टारची अखेरची डॉस आवृत्ती, तिच्या पुस्तिका आणि ती आजच्या यंत्रावर चालविण्याची साधने एकत्र करून सर्वांसाठी खुली केली.

यावरून गरजा दोन प्रकारच्या आहेत हे स्पष्ट होते. कोणाला जुन्या आज्ञावलीतच पुढे लिहावयाचे असते, तर कोणाला पूर्वी लिहिलेले केवळ वाचून जतन करावयाचे असते. संचालन प्रणालीची निवड या भेदावर अवलंबून आहे. गरज न ठरविता प्रणाली निवडली, तर श्रम आणि पैसा दोन्ही वाया जातात.

जुनी आज्ञावली नव्या संगणकावर का चालत नाही? डॉसच्या आज्ञावल्या १६ बिटांच्या यंत्रणेसाठी लिहिलेल्या होत्या. विंडोजच्या ३२ बिटांच्या आवृत्त्यांत त्या चालविण्याची अंगभूत सोय होती. ६४ बिटांच्या आवृत्त्यांत ती ठेवण्यात आली नाही. २०२१ मध्ये आलेली 'विंडोज ११' केवळ ६४ बिटांचीच आहे. ३२ बिटांची 'विंडोज १०' हा शेवटचा सरळ मार्ग होता. परंतु तिचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून त्या मार्गाने जाणाऱ्याने तो संगणक महाजालापासून अलग ठेवणेच हिताचे आहे.

उरलेले पर्याय मुख्यतः तीन. पहिला, जुना संगणक आणि त्यावरील मूळ डॉस. येथे सर्व काही पूर्वीसारखे चालते. मात्र यंत्र बिघडल्यास सुटे भाग मिळणे कठीण होते. दुसरा, 'फ्रीडॉस'. १९९४ मध्ये सुरू झालेली आणि २००६ मध्ये १.० या आवृत्तीपर्यंत पोहोचलेली ही मोफत प्रणाली डॉसच्या बहुतेक आज्ञावल्या चालविते. परंतु अनेक नव्या संगणकांतून जुन्या पद्धतीचे 'बायॉस' नाहीसे झाल्यामुळे ती त्यांवर थेट सुरू होत नाही. तेव्हा ती आभासी यंत्रात बसवावी लागते. तिसरा पर्याय अनुकारकाचा. अनुकारक म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारी आज्ञावली. 'डॉसबॉक्स' हा असा अनुकारक विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालतो. तो मुळात खेळांसाठी तयार झाल्यामुळे त्यात छपाईची सोय नाही. 'डॉसबॉक्स-एक्स' या त्याच्या सुधारित रूपात ती आहे. ज्याला नियमित लेखन आणि छपाई करावयाची आहे, त्याने हा फरक ध्यानात घ्यावा. अनुकारक वापरला, तर खालची प्रणाली कोणती हा प्रश्न गौण ठरतो आणि संगणक बदलला तरी व्यवस्था टिकते, हा मोठा लाभ होय.

मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र संचालन प्रणाली मिळाली म्हणजे काम संपले असे होत नाही. डॉसच्या पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटविण्यासाठी 'जिस्ट' कार्ड संगणकात बसविले जाई. हे तंत्र कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आकाराला आले आणि पुढे पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, त्याचा प्रसार केला. अनुकारक डॉसची नक्कल करतो, त्या कार्डाची नव्हे. नंतरच्या विंडोजवरील अनेक भारतीय भाषांच्या आज्ञावल्यांना संगणकाच्या मागे बसविण्याचे कुलूप, म्हणजे 'डोंगल', लागत असे. ते हरवले, की प्रणाली योग्य असूनही आज्ञावली उघडत नाही.

याहून खोल अडचण संकेतांची आहे. एका बाइटमध्ये २५६ संकेत मावतात. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये मान्य केलेल्या 'इस्की' संकेतात पहिले १२८ रोमन लिपीसाठी आणि वरचे भारतीय लिपींसाठी योजले आहेत. वर्डस्टारच्या जुन्या आवृत्त्या हीच वरची जागा स्वतःच्या खुणांसाठी वापरीत आणि शब्दाच्या अखेरच्या अक्षरात बदल करीत. पुढे छपाईसाठी निघालेल्या टंकांनी तर आपापले निरनिराळे संकेत योजले. म्हणून एकच अंक एका फाईलमध्ये 'क' असेल, तर दुसरीत निव्वळ खूण. कोणत्या आज्ञावलीत आणि कोणत्या टंकात लिहिले, याची नोंद नसेल, तर मजकूर उलगडणे हे कोडे सोडविण्यासारखे होते.

यासाठी कामाचा क्रम सांभाळावा. प्रथम फ्लॉपीला लेखनबंदी करावी. साडेतीन इंची फ्लॉपीची सरकपट्टी सरकवून छिद्र उघडे ठेवावे. सव्वापाच इंचीची खाच चिकटपट्टीने झाकावी. मग तिची संपूर्ण प्रत नव्या साधनावर घ्यावी. यूएसबीने जोडावयाची बाजारातील वाचकयंत्रे साडेतीन इंचीच फ्लॉपी वाचतात, म्हणून सव्वापाच इंचीसाठी जुने यंत्र जपून ठेवणे इष्ट. त्यानंतर प्रतीवरच प्रयोग करावेत, मूळ फ्लॉपीवर कधीही नव्हे. वर्डपरफेक्टच्या फाईली 'लिबरऑफिस' थेट उघडते. तेथे जुन्या प्रणालीची गरजच नाही. इतर मजकूर अनुकारकात उघडून पाहावा आणि शेवटी युनिकोडमध्ये आणून मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावा. आपोआप झालेल्या रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार यांच्या चुका राहण्याचा संभव असतो, हे विसरू नये. रूपांतर झाले तरी मूळ फाईल, आज्ञावली आणि टंक यांची प्रत नोंदीसह ठेवावी.

संचालन प्रणाल्या येतात आणि जातात. ज्याला लिहावयाचे आहे, त्याने आपल्या हाताला सोयीची आज्ञावली अनुकारकात सुखाने चालवावी. ज्याच्याकडे संस्थेचे वा समाजाचे लेखन आहे, त्याचे कर्तव्य मात्र अधिक मोठे आहे. ज्यांनी त्या काळी मराठी मजकूर संगणकावर टंकित केला, त्यांच्यापैकी अनेक जण आज निवृत्त झाले आहेत. कोणता टंक, कोणती आज्ञावली, फ्लॉपी कोणत्या कपाटात, याची माहिती त्यांच्या स्मरणात आहे. ती आज विचारून लिहून ठेवली, तर योग्य प्रणाली उद्याही शोधता येईल. ती माहिती हरपली, तर कोणतीही प्रणाली तो मजकूर परत आणू शकणार नाही.