सूत तुमचे, नाव तुमचे
(कोंडाणे येथे सूत रंगवणाऱ्या भगिनींपुढे केलेले भाषण)



सूत रंगवायला तुम्ही शिकलात. आधी सोड्याच्या पाण्यात उकळून सूत स्वच्छ करायचे. मग हिरड्याचे पाणी, मग तुरटी आणि शेवटी रंग. पळसाच्या फुलांचा पिवळा, मंजिष्ठेचा लाल, काताचा तपकिरी. काम चोख झाले. पण रंगवलेली लडी घरातच दांडीवर लटकत राहिली, तर पोटाला काय मिळणार? ती विकली पाहिजे.

आपले गिऱ्हाईक पुण्या-मुंबईला. ते काही कोंडाण्याला येत नाही. मोबाईलवर फोटो पाहते आणि पैसे पाठवते. म्हणजे फोटो हेच आपले दुकान.

माझी एक चूक सांगते. एकदा मी रात्री घरात फोटो काढला. वर पिवळा दिवा होता. सूत होते फिकट पिवळे, फोटोत दिसले केशरी. एका बाईंनी ते मोठ्या हौसेने मागवले. आठ दिवसांनी पार्सल परत आले. जायचा-यायचा खर्च माझ्या अंगावर पडला. त्याचे एवढे नाही. पण त्या बाईंनी पुन्हा कधी काही मागवले नाही. मी खोटे बोलले नव्हते, पण माझा फोटो खोटे बोलला होता.

तेव्हापासून मी फोटो सकाळी काढते. ओटीवर, सावलीत. कडक उन्हात रंग उडालेला दिसतो आणि दिव्याखाली तो बदलतो. आधी फोनची काच पदराने पुसते. लडीच्या बाजूला पांढरा कागद ठेवते. फोटोत कागद पिवळा दिसला, तर समजावे की सुताचा रंगही फसवतो आहे. मग जागा बदलायची आणि पुन्हा काढायचा. एक फोटो पूर्ण लडीचा, एक अगदी जवळून. जवळच्या फोटोत सुताचा पीळ दिसतो. फोनमध्ये रंग भडक करायची सोय असते. तिला हात लावू नका.

आता दुसरी गोष्ट. झाडापाल्याचा रंग दर खेपेला थोडा वेगळा येतो. पाणी बदलले, फुले जुनी झाली, भांडे लोखंडी असले, की रंग बदलतो. हा दोष नाही. पण लपवला तर दोष होतो. गिऱ्हाइकाला एका साडीचे किंवा चादरीचे सूत हवे असेल, तर सगळे एकाच घाणीत रंगवा. निम्मे आज आणि निम्मे पुढच्या महिन्यात, असे करू नका. प्रत्येक घाणीला नंबर द्या आणि तो वहीत लिहून ठेवा. हळदीचा रंग उन्हात लवकर उडतो. तो वापरला असेल तर तसे आधीच सांगा.

प्रत्येक लडीला एक चिठ्ठी बांधा. तिच्यावर सुताचा नंबर, वजन, लांबी, रंग कशाचा, घाणीचा नंबर आणि किंमत लिहा. सुताचा नंबर म्हणजे काय? 840 वारांची एक लडी. अशा 20 लड्यांचे वजन एक पौंड, म्हणजे सुमारे 454 ग्रॅम भरले, तर ते 20 नंबरचे सूत. नंबर जितका मोठा, तितके सूत बारीक. विणणाऱ्याला हे आधी कळावे लागते.

किंमत ठरवताना सूत, हिरडा, तुरटी, रंग, जळण आणि टपाल धराल. आपली मजुरी मात्र विसराल! दोन दिवस चुलीपुढे बसलात, ते दिवस फुकटचे नाहीत. मजुरी आधी धरा.

आणि चिठ्ठीवर शेवटी आपले नाव लिहा. आपल्या गावाजवळच्या डोंगरात लेणी आहेत. ती सुमारे 2000 वर्षांपूर्वीची. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एका भंगलेल्या मूर्तीच्या डोक्याजवळ ब्राह्मी अक्षरांत एक ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ असा, की कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. राजांची नावे लोक विसरले, पण या बलकाचे नाव दगडावर राहिले. हे काम माझे आहे, असे त्याने सगळ्यांना सांगून ठेवले.

परवापरवापर्यंत तुमच्यातल्या कितीजणी अंगठा उठवत होत्या. आता तुम्हाला नाव लिहिता येते. ते चिठ्ठीवर लिहा. नाव लिहिले की हात आपोआप नीट काम करतो आणि फोटोही खरा निघतो. कारण परत आलेल्या पार्सलवरही तेच नाव असते.

उद्या सकाळी ओटीवर या. येताना प्रत्येकीने एक लडी आणि एक पांढरा कागद आणा. पहिला फोटो आपण मिळून काढू.