घरातल्या मिरचीसाठी दिवा

घरात ऊन येत नाही, म्हणून मिरची लावायची हौस सोडू नका. एलईडी दिव्याखालीही मिरची धरते. मात्र दिवा घेताना पानांचा विचार करा. खोक्यावर ल्युमेन लिहिलेले असतात… ते आपल्या डोळ्यांना किती उजेड वाटेल, एवढंच सांगतात. वॅट म्हणजे विजेचा खप. पानांच्या कामाचा प्रकाश किती, हे सांगतो पीपीएफ. पुन्हा सांगतो… पीपीएफ. हा आकडा पाहूनच दिवा घ्या.

कोणी म्हणेल, पानं तांबडा आणि निळा प्रकाश जास्त शोषतात, मग जांभळा दिवाच चांगला. हे अर्धंच खरं आहे. हिरवा प्रकाशही पानं वापरतात… आणि तो दाट पानांत खोलवर पोचतो. शिवाय पांढऱ्या उजेडात पिवळं पान, मावा चटकन दिसतो. म्हणून माझं मत पांढऱ्या दिव्याला.

मग घरातली साधी ट्यूब का नको? कोथिंबीर, मेथी तिच्याजवळ येईल. मिरचीला फळ धरायचं असतं… तिला कितीतरी जास्त प्रकाश लागतो. दिवा दूर गेला की प्रकाश झपाट्यानं घटतो. तेव्हा तो झाडाजवळच ठेवा… आणि झाड वाढेल तसा वर सरकवता येईल, अशी सोय आधीच करा. दिवसाला साधारण 14 तास दिवा… आणि रात्री पूर्ण अंधार द्या.