मिसळणाचा डबा आणि आवाजाचा डबा

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

शेळ्या, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, पापडाचा रोलर, या सगळ्यांसाठी आमच्या गटाने आजवर कर्ज दिलं. गट अकरा वर्षांचा, आम्ही बाराजणी. कर्जाचा अर्ज आला की काय विचारायचं ते आता आम्हाला पाठ झालं आहे. वस्तू कुठून आणणार, कितीला पडणार, बिघडली तर कोण दुरुस्त करणार आणि हप्ता कशातून फेडणार. पण मागच्या वर्षी एक अर्ज असा आला की आम्हाला वस्तूचं नावच प्रोसिडिंगच्या वहीत धड लिहिता येईना. वस्तू होती मॉड्युलर सिंथेसायझर.

अर्ज आमच्या एका सभासद ताईंचा होता, पण वस्तू हवी होती त्यांच्या मुलीला. मुलगी आयटीआय झालेली, इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड. या रेडिओ केंद्रावर ती रेकॉर्डिंगला मदत करते. कार्यक्रमाच्या सुरुवातीची धून, गोष्टीतला पाऊस, वारा, भुताचा आवाज हे सगळं ती इंटरनेटवरून उतरवून घ्यायची. तिला हे आवाज स्वतः तयार करायचे होते. तिने यादी आणली एक लाख साठ हजारांची. बैठकीत पहिल्यांदा हसू फुटलं. एक ताई म्हणाल्या, "एवढ्यात दोन म्हशी येतात, आणि त्याही आवाज करतात."

मुलगी रागावली नाही. तिने आमच्याच फळीवरचा मिसळणाचा डबा खाली काढला आणि झाकण उघडून मधे ठेवला. म्हणाली, "काकू, ह्या सात वाट्या. हळद एकीत, मोहरी एकीत, जिरं एकीत. वाट्या त्याच, पण तुमची आमटी वेगळी आणि आईची वेगळी. माझं यंत्र असंच आहे. वाटीऐवजी मॉड्यूल, आणि चिमटीऐवजी वायर." मग आम्ही गप्प बसून ऐकलं.

ऐकून जे कळलं ते आमच्या भाषेत सांगतो. पेटीत सूर कुठले आणि कसे वाजणार ते पेटी करणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. इथे आवाजाचा एकेक भाग सुटा मिळतो. एक मॉड्यूल नुसता कच्चा सूर काढतं, त्याला ऑसिलेटर म्हणतात. त्याला दिलेला विजेचा दाब एका व्होल्टने वाढवला की सूर बरोबर एक सप्तक चढतो, म्हणजे सेकंदाला 110 कंपनं असतील तर 220 होतात. दुसरं मॉड्यूल चाळणीसारखं. सुरातला चरचरीत भाग अडवतं आणि मऊ भाग पुढे सोडतं, ते फिल्टर. तिसरं म्हणजे नळाची तोटी, आवाज किती बाहेर सोडायचा ते बघतं. चौथं त्या तोटीला सांगतं की झटकन उघड आणि हळूहळू मीट. देवळातली घंटा टोला पडताक्षणी मोठी वाजते आणि मग विरत जाते, सनईचा सूर फुंकर असेपर्यंत टिकतो. हा फरक चौथ्या मॉड्यूलमधून येतो. एक असतं पाळण्यासारखं, सावकाश हेलकावे देणारं. ते सुराला जोडलं की सूर डोलतो आणि चाळणीला जोडलं की वाऱ्यासारखं घोंगावतं. आणि एक नुसता खरखराट काढतं. ऐकायला काहीच नाही, पण चाळणीतून गाळला की पत्र्यावरचा पाऊस.

हे सगळं वायरींनी एकमेकांना जोडायचं. वायरी आपल्या मोबाईलच्या हेडफोनच्या पिनेएवढ्या, साडेतीन मिलिमीटरच्या. कुठली कुठे जोडायची हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आता तुम्ही म्हणाल, हे परदेशातलं खूळ इकडे कुठे? तर मैत्रिणींनो, अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी 1964 साली असं यंत्र बनवलं आणि 1969 मध्ये त्यांचं एक यंत्र आपल्या शेजारी, अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आलं सुद्धा. ते बसवून द्यायला डेव्हिड ट्यूडर नावाचे अमेरिकन संगीतकार आले होते. आणि ते इथे यावं यामागे एक बाई होत्या, गीता साराभाई. त्या स्वतः पखवाज शिकलेल्या. संस्थेतल्या काही मंडळींनी दोन-तीन वर्षं त्यावर काम केलं, मग ते थांबलं. त्या कामाच्या टेप कपाटात पडून राहिल्या आणि कित्येक वर्षांनी लोकांच्या कानावर आल्या. पण ते यंत्र कपाटाएवढं आणि संस्थेच्या ऐपतीचं. घरात ठेवता येईल असं मोजमाप आलं 1990च्या दशकात, जर्मनीच्या डोपफर या छोट्या कंपनीमुळे. त्यांनी प्रत्येक मॉड्यूलची उंची ठरवून टाकली, 128.5 मिलिमीटर, आणि रुंदी मोजायला एक एकक धरलं, त्याला एचपी म्हणतात. एक एचपी म्हणजे 5.08 मिलिमीटर. आता बऱ्याच कंपन्या याच मापाने बनवतात, त्यामुळे एकीचं मॉड्यूल दुसरीच्या डब्यात बसतं. आपल्या बरण्यांची झाकणं एकमेकींना बसली असती तर किती बरं झालं असतं, ते इथे झालं आहे.

आम्ही बैठकीत दोन अटी घातल्या. पहिली, रक्कम चाळीस हजारांवर जाणार नाही. दुसरी, तीन महिने काहीही विकत घ्यायचं नाही. ही दुसरी अट आमची नाही, त्या मुलीनेच सुचवलेली. व्हीसीव्ही रॅक नावाचं एक सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात कॉम्प्युटरच्या पडद्यावर हीच मॉड्यूलं दिसतात, हाच आवाज येतो, वायरी माऊसने ओढायच्या. केंद्राच्या कॉम्प्युटरवर तिने तीन महिने त्यावर काम केलं आणि आमच्या सांगण्यावरून एक वही ठेवली. आज कुठलं मॉड्यूल वापरलं आणि कशासाठी. ज्याच्यापुढे तीन महिन्यांत चारही खुणा पडल्या नाहीत ते यादीतून बाद. आपण दुकानाच्या उधारीची वही ठेवतो तशीच ही, यात शोध काही नाही. पण एक लाख साठ हजारांची यादी अर्ध्यावर आली ती या वहीमुळे.

काहीजणी म्हणाल्या, फुकट कॉम्प्युटरवर होतंय तर डबा कशाला? प्रश्न रास्त होता, आम्हालाही तो पडला होता. केंद्रात कॉम्प्युटर एकच. दिवसा त्याच्यावर बातम्या आणि मुलाखती, आणि तो अडकतोही फार. शिवाय एका माऊसवर एकच हात. डब्याची बटणं दोघी-तिघी मिळून फिरवू शकतात. आमच्यातल्या एक ताई अजून म्हणतात की ही कारणं पुरेशी नव्हती. त्यांची सही प्रोसिडिंगवर आहे, पण "विरोध नोंदवून" असं लिहून.

मग डबा मांडायचा दिवस आला आणि तो आम्ही बैठकीतच मांडला. पुठ्ठ्याचा तुकडा कापला, 43 सेंटिमीटर लांब आणि 13 उंच. एवढ्यात 84 एचपी बसतात. मॉड्यूलांच्या मापाच्या कागदाच्या पट्ट्या कापल्या. आठ एचपीची पट्टी चार सेंटिमीटरची, दहाची पाच. आणि एकेक मांडत गेलो. शिवणकाम करणाऱ्या ताई यात सगळ्यात हुशार, कापडात पॅटर्न बसवायची सवय.

पहिली अडचण लगेच आली. तिला सिक्वेन्सर हवा होता, म्हणजे सूर ठरवून दिले की आपोआप ओळीने वाजवत राहणारं मॉड्यूल. त्याची पट्टी 50 एचपीची, दहा इंच. अर्ध्याहून जास्त पुठ्ठा एकट्याने खाल्ला. तिने सावकाश ती पट्टी उचलली, परत ठेवली, परत उचलली. तिच्या आईने सुचवलं, डबाच मोठा कर. पण मोठा डबा म्हणजे मोठा पॉवर सप्लाय, आणि रिकामी जागा दिसली की ती भरायला परत कर्ज.

तेव्हा तिने आम्हाला फ्रान्सच्या एका बाईंबद्दल सांगितलं, एलियान रादिग. त्यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला एआरपी कंपनीचं असंच यंत्र घेतलं आणि त्याच्याबरोबरची सुरांची पट्टी, म्हणजे कीबोर्ड, मागेच ठेवला. सूर वाजवायचेच नव्हते त्यांना. एकच आवाज अगदी हळू बदलत न्यायचा, ऐकणाऱ्याला बदलला कधी ते कळू नये. याच एका यंत्रावर त्यांनी पुढे तीसेक वर्षं काम केलं. एवढं सांगून तिने सिक्वेन्सरची पट्टी वहीत घालून ठेवली. कीबोर्ड यादीत नव्हताच.

मोकळ्या जागेत काय आलं, ते आम्हाला सगळ्यात आवडतं. आठ एचपीचं एक मॉड्यूल असतं, बाहेरचा आवाज आत घेणारं. माइकचा बारीक आवाज ते डब्याच्या जोराचा करतं, आणि शिवाय तो आवाज किती चढला, किती उतरला त्याप्रमाणे विजेचा दाब कमीजास्त करतं. म्हणजे तुम्ही टाळी वाजवली की टाळीच्या जोरावर चाळणी उघडणार.

शेवटी पुठ्ठ्यावर राहिलं ते असं: दहा-दहाचे दोन ऑसिलेटर, आणि आठ-आठच्या सात पट्ट्या. चाळणी, तोटी, तोटीला सांगणारं, पाळणा, खरखराट, बाहेरचा आवाज आणि सगळं एकत्र करणारा मिक्सर. बेरीज 76. आठ एचपी रिकामे ठेवले आणि त्यावर पत्र्याची पट्टी लावली. ती जागा सध्या भरायची नाही असं वहीत लिहिलं आहे.

खर्चाचं सांगतो, कारण फसायला होतं ते इथेच. मॉड्यूलांची किंमत सगळे बघतात. डबा, पॉवर सप्लाय, वायरी आणि बाहेरून मागवलं तर कस्टम ड्युटी, हे कोणी मोजत नाही. आमच्या हिशोबात दोन ऑसिलेटर आणि पॉवर सप्लाय तयार घेतले, त्यातच तीसेक हजार गेले. बाकीची मॉड्यूलं तिने सुटे भाग आणून स्वतः सोल्डर केली. डबा गावच्या सुताराने प्लायवूडचा केला. पॉवर सप्लाय घेताना प्रत्येक मॉड्यूल किती मिलिअँपिअर ओढतं त्याची बेरीज करून वर तिसरा हिस्सा शिल्लक ठेवायचा. काठोकाठ भरलेली घागर डोक्यावर घेतल्यासारखं नको.

आणि तरी नुकसान झालंच. या मॉड्यूलांना अधिक बारा आणि उणे बारा अशी दोन्हीकडची वीज लागते आणि ती चपट्या पट्टीच्या केबलने येते. केबलच्या एका कडेला लाल रेघ असते, ती उणे बाराच्या बाजूला यायला हवी. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता. रात्री लाइट गेलेली, मोबाईलच्या उजेडात तिने केबल लावली, आणि लाइट आल्यावर बटण दाबलं. जळका वास आला. केबल उलटी होती. गेलं ते नेमकं बाहेरचा आवाज घेणारं मॉड्यूल.

त्या महिन्याचा हप्ता आला नाही. विरोध नोंदवणाऱ्या ताई बैठकीत काही बोलल्या नाहीत, आणि ते बोलण्यापेक्षा जड होतं. मुलीने आठ दिवस त्याच्यावर घालवले. जळलेल्या दोन आयसी शोधल्या, तालुक्याहून नव्या आणल्या, पन्नास रुपयांच्या आत. हातचं सोल्डर होतं म्हणून तिला ते उघडता आलं. आता प्रत्येक केबलला तिने नेलपॉलिशचा ठिपका लावला आहे, आणि उलटी लागली तरी वीज अडावी म्हणून आत डायोड बसवले आहेत. राहिलेला हप्ता दोन महिन्यांनी दुपटीने भरला.

पैसे कशातून येतात तेही सांगायला हवं. शाळांच्या स्नेहसंमेलनातल्या नाटकांचे आवाज, दुकानांच्या जाहिरातींच्या धुना, आणि बरेचसे दुरुस्तीच्या कामातून. नुसत्या डब्यावर हप्ता निघत नाही, हे खरं आहे. वीस हप्त्यांतले आठ फिटले आहेत.

आता त्या दिवसाचं सांगतो. आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या आजी सत्तरीच्या पुढच्या. घरात जातं आहे, पण दळण गिरणीत जातं. मुलगी त्यांच्याकडे एक छोटी चकती घेऊन गेली, दहा-वीस रुपयांची. खेळण्यातल्या घंटीत असते ना, तसली. ती जात्याच्या खालच्या तळीला चिकटपट्टीने लावली आणि वायर डब्याला जोडली. आजींनी मूठभर ज्वारी घातली आणि खुंटा धरला. जात्याची घरघर डब्यात शिरली, फेऱ्याच्या जोराबरोबर चाळणी उघडायला-मिटायला लागली, आणि खाली दोन ऑसिलेटरचा षड्ज आणि पंचम धरलेला. जातं जड फिरलं की सूर उजळायचा, हलकं झालं की दबायचा. आजी दळता दळता थांबल्या, तसा सूरही मिटला. त्यांनी परत हळूच अर्धा फेरा दिला, आणि मग पोरीकडे बघून म्हणाल्या, "अगं, हे माझ्या हाताचं ऐकतंय."

मग त्यांनी ओव्या म्हटल्या. त्यांच्या आईकडून आलेल्या, आम्ही कोणी ऐकलेल्या नव्हत्या. अर्धा तास रेकॉर्डिंग झालं. विरोध नोंदवणाऱ्या ताई जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसून ज्वारी घालत होत्या. त्यांचं मत बदललं का ते आम्ही विचारलेलं नाही.

ते रेकॉर्डिंग येत्या शुक्रवारी याच वेळी तुम्हाला ऐकवणार आहोत. आणि तुमच्या गावात कुणाकडे जातं, उखळ, रहाट, चरखा, काहीही फिरणारं किंवा कुटलं जाणारं अजून चालू असेल तर केंद्राला निरोप द्या. मुलगी डबा घेऊन येईल, एसटीत मांडीवर बसतो तो. चकती आणि चिकटपट्टी आमची, दाणे तेवढे तुमचे.